मांडवाला हात लावू नये

सुधाकररावांनी बुलढाण्याच्या एका सरकारी कार्यालयात तेहतीस वर्षं काढली आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. या तेहतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने फक्त सह्या केल्या. बाकी सगळं करून घेतलं. निवृत्तीनंतर ते अमडापूरला आपल्या घरी राहायला आले आणि आठ महिन्यांनी एक गाडी घेऊन आले.

गाडी म्हणजे कॅराव्हॅन. नाशिकच्या एका डॉक्टरांनी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन बिछाने, एक शेगडी आणि एक मोरी बसवून घेतली होती. गाडी त्यांनी दोनदा वापरली आणि दुसऱ्या वेळेनंतर विकायला काढली. त्या दुसऱ्या वेळी काय घडलं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि सुधाकररावांनी विचारलं नाही.

गाडीसोबत एक लांबलचक पिशवी आली. पिशवीत गाडीला जोडायची कापडी पडवी होती. तिची एक कड गाडीच्या टपाला अडकवायची, समोरची बाजू तीन खांबांवर उभी करायची, दोऱ्या ताणायच्या आणि खुंट्या ठोकायच्या. म्हणजे दारात सावली आणि सावलीत दोन खुर्च्या. इंग्रजीत तिला ऑनिंग म्हणतात. अमडापुरात पहिल्याच दिवशी तिला मांडव म्हणायला लागले आणि तिथूनच अडचण सुरू झाली.

जळगाव जामोदवरून सातपुडा ओलांडायचा, बऱ्हाणपूर पाहायचं आणि पुढे महिनाभर नर्मदेच्या काठाकाठाने फिरायचं, असा बेत होता. स्नेहलताबाईंनी नकाशावर पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. अंतरं त्यांनी दोनदा मोजली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि अट घातली.

"चौतीस वर्षं मी धरतेय," त्या म्हणाल्या. "शिडी धरली, बॅटरी धरली, भिंतीवरच्या फोटोचं खालचं टोक धरलं. तुम्ही 'जरा धर' म्हणता आणि मग कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलत बसता. या प्रवासात मी काहीही धरणार नाही."

"नको धरू."

"मग हा मांडव इथे एकट्याने उभा करून दाखवा. एकट्याने उतरवा, घडी करा आणि त्याच्याच पिशवीत भरा. कोणाचा हात लागला की बाद. बुधवारी दिवस मावळेपर्यंत मुदत. नाही जमलं तर गुरुवारी मी अकोल्याला निवेदिताकडे जाते. तुम्ही नर्मदा बघून या."

निवेदिता म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिला फोन करून 'कदाचित येईन' असं सांगूनही झालं होतं.

सुधाकररावांना राग आला नाही. अट तोंडी होती, पण तिच्यात पळवाट नव्हती. अशा अटी त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना घातल्या होत्या आणि चांगली अट त्यांना ओळखता येत होती. "दाखवतो," ते म्हणाले, आणि त्यांना तसं दाखवायचंही होतं. बायकोशिवाय नर्मदा पाहण्यात त्यांना रस नव्हता. नदी कुठली, हे त्यांना तीच सांगणार होती.

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात पिशवी उघडली. आत चित्रांची एक पुस्तिका होती. तिच्यात शब्द एकही नव्हता. एक गोरा माणूस आणि एक गोरी बाई हसत हसत खांब उभा करत होते. बाईने दुसरं टोक धरलं होतं. सुधाकररावांनी तिच्यावर अंगठा ठेवला आणि उरलेलं चित्र पाहिलं.

त्यांनी पहिला खांब उचलला तेव्हा मोतीराम रस्त्याने चालला होता. मोतीरामचं गावात बिछायत केंद्र आहे. पंचक्रोशीतल्या लग्नांचे, तेराव्यांचे आणि सभांचे मांडव तोच घालतो. तो फाटकातून आत आला, काही न बोलता खांबाचं दुसरं टोक उचललं आणि म्हणाला, "कुठी गाडाचा?"

अमडापुरात मांडव घालणाऱ्याला 'मदत करू का' असं विचारत नाहीत. तसं विचारणं म्हणजे 'नाही' म्हणायची सोय करून देणं, आणि ते वाईट दिसतं. खांब हातात असलेला माणूस दिसला की दुसरं टोक उचलायचं. मांडव कोणाचा, कशाचा हे नंतर विचारायचं. मोतीरामच्या मागोमाग दूध घालून परतणारे दोघे आले, मग एक पोस्टमन, मग तीन अनोळखी माणसं, जी बसची वाट पाहत होती आणि ज्यांची बस या भानगडीत निघून गेली. बारा मिनिटांत पडवी उभी राहिली. ती थोडी वाकडी होती, पण वादळात टिकली असती.

"आता सांगा," मोतीराम हात झटकत म्हणाला, "काय कार्यक्रम हाय?"

"कार्यक्रम नाही. सराव आहे."

"कशाचा सराव?"

सुधाकररावांना खरं कारण सांगता आलं असतं. पण तेहतीस वर्षं ज्याने लोकांच्या अर्जांवर शेरे मारले, त्याने आपण बायकोच्या परीक्षेला बसलो आहोत हे भर अंगणात सांगायचं कसं? "असाच," ते म्हणाले.

खिडकीतून आवाज आला. "बाद."

सोमवारी ते गाडी घेऊन गावाबाहेर गेले. चिखलीच्या रस्त्याला एक माळ आहे. तिथे गवतही मन लावून उगवत नाही. दूरवर माणूस नव्हता. स्नेहलताबाई पुढच्या सीटवर परीक्षक म्हणून बसल्या. सुधाकररावांनी टपावर कापड टाकलं आणि पहिली दोरी ताणली, तेवढ्यात रस्त्यावरची काळीपिवळी जीप करकचून थांबली. आत चौदा माणसं होती. चालक खाली उतरला.

"काऊन काका, एकटेच लागले?"

"हो. मला एकट्यानेच करायचं आहे."

"असं कसं," चालक म्हणाला आणि मागे वळून ओरडला, "उतरा रे बे दोघंचौघं."

नऊजण उतरले. एका बाईने कडेवरचं मूल स्नेहलताबाईंच्या मांडीवर दिलं आणि खुंटी ठोकायला घेतली. मूल झोपाळू होतं. स्नेहलताबाईंनी त्याला थोपटत थोपटत निकाल दिला.

मंगळवारी सुधाकररावांनी कार्यालयीन मार्ग धरला. फाटकावर पाटी लावली: 'मांडवाचे काम सुरू आहे. कृपया हात लावू नये.' सही केली. सवयीने सहीखाली तारीखही टाकली.

पाटी वाचायला लोक थांबू लागले. पाटी नसती तर त्यातले निम्मे सरळ निघून गेले असते. मोतीरामने ती दोनदा वाचली. मग तो फाटकाबाहेरच उभा राहिला.

"आमचं काई चुकलं काय, सुधाकरभाऊ?"

"नाही रे. तुझं काय चुकणार?"

"मंग हे कोनासाठी लिवलं? गावात मांडवाले मीच हात लावतो."

"सगळ्यांसाठी आहे."

"म्हंजे सगळ्यायचंच चुकलं," मोतीराम म्हणाला आणि निघून गेला.

तासाभरात गावभर झालं की सुधाकरराव मांडवाला हात लावू देत नाहीत. मांडवाला हात लावू न देणं म्हणजे संबंध तोडणं. चुलत्याशी भांडण झालं की माणूस आधी तेच करतो. दुपारी माजी सरपंच रंगराव समेटासाठी आले. रंगरावांनी गावातले पुष्कळ समेट घडवले आहेत. त्यातले काही भांडणाच्या आधीच घडवले आहेत.

"मोतीराम जेवला नाई," रंगराव बसताबसता म्हणाले.

"रंगराव, तसं काही नाही हो."

"तसं नाई तर मंग कसं हाय? मी तुमाले सांगतो, माणसानं मन मोठं ठेवा." एवढं बोलून ते उठले, जमिनीवरचा एक खांब उचलला आणि सुधाकररावांच्या हातात दिला. मग समेटाची खूण म्हणून त्याचं दुसरं टोक स्वतः धरून उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

 स्नेहलताबाई आत गेल्या आणि अकोल्याच्या बसची वेळ बघू लागल्या.

त्या संध्याकाळी सुधाकरराव पायरीवर बसून राहिले. चहा समोर निवत होता. गाव वाईट असतं तर त्याला टाळता आलं असतं. गाव चांगलं होतं आणि त्याला सांगून थांबवता येत नव्हतं. त्यांनी आठवून पाहिलं: कार्यालयात एखाद्या कामापासून माणसांना लांब ठेवायचं असेल तेव्हा आपण काय करायचो? मनाई केली की माणूस हट्टाला पेटायचा. विनंती केली की त्याला संशय यायचा. पण एक गोष्ट केली की त्या कामाला वर्षानुवर्षं कोणी बोट लावत नसे.

त्यांनी चहा संपवला आणि मोतीरामच्या घरी गेले.

"मोतीराम," ते म्हणाले, "सकाळच्या पाटीचा अर्थ तू वेगळा घेतलास. हात लावायचाच आहे. पण कोणी कुठला खांब धरायचा हे आधी नीट ठरायला पाहिजे. त्यासाठी समिती नेमतोय. उद्या सकाळी साडेआठ वाजता. खुर्च्या तुझ्याकडच्या."

मोतीरामने मनातल्या मनात खुर्च्या मोजल्या. मग म्हणाला, "अध्यक्ष कोन?"

सुधाकररावांच्या मनावरचं ओझं उतरलं. "ते समितीच ठरवेल," ते म्हणाले.

बुधवारी सकाळी अंगणात अकरा खुर्च्या मांडल्या गेल्या. निर्णय होईपर्यंत कोणीही साहित्याला हात लावू नये, हा पहिला ठराव एकमताने झाला. तो सुधाकररावांनीच लिहून आणला होता. दुसरा विषय अध्यक्षाचा होता. त्यानंतर सुधाकरराव बाजूला झाले. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

स्नेहलताबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. घड्याळ शेजारी ठेवलं होतं.

गाडीच्या टपाच्या कडेला ॲल्युमिनियमची एक बारीक पन्हळ होती. कापडाच्या कडेत दोरी शिवलेली होती. ती कड पन्हळीत एका टोकाने घालायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्यायची. एकाने कापड भरवायचं, दुसऱ्याने ओढायचं, असं ते काम होतं. सुधाकरराव स्टुलावर चढले, हातभर कापड भरवलं, उतरले, स्टूल उचलून दुसऱ्या टोकाला नेलं, चढले, ओढलं. कापड वीतभर सरकलं आणि अडकलं. उतरले, परत आले, चढले.

"कोपऱ्याचा खांब महत्त्वाचा असते," खुर्च्यांमधून मोतीरामचा आवाज आला. "तो जानकार मानसाकडंच पाह्यजे."

"म्हंजे तुझ्याकडं," रंगराव म्हणाले.

"मी नाव घेतलं काय?"

सातव्या फेरीला सुधाकररावांनी देवघरातून मेणबत्ती आणली आणि पन्हळीला आतून घासली. कापडाच्या कोपऱ्याला सुतळी बांधली, म्हणजे ओढायला हात पोचेल. एकोणिसाव्या फेरीला कड दुसऱ्या टोकाला पोचली. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती आणि गुडघ्यात काहीतरी नवीन वाजत होतं. ते पाणी प्यायले आणि त्यांनी खांब घेतले.

एक खांब उभा केला की दुसरा आडवा व्हायचा. दुसरा धरला की पहिला टेकायचा. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा त्यांनी खांब खालीच ठेवले आणि पुस्तिका उघडली. बाईवर अंगठा ठेवून बराच वेळ पाहिलं. मग दोऱ्या आधी बांधल्या, खुंट्या आधी ठोकल्या आणि खांब शेवटी आत सरकवले. खुंट्या मुरमात वाकत होत्या. त्यांनी घरातली पहार आणून आधी भोकं पाडली. दर खुंटीला वीस घाव लागले. तळहाताला फोड आला. त्यांनी रुमाल गुंडाळला आणि पुढची खुंटी घेतली.

दरम्यान जनकाबाई आल्या होत्या. गावात त्या भाजी विकतात. टोपली खाली ठेवून त्यांनी खुर्च्या मोजल्या.

"अकरात बाई एकबी नाई?"

"मांडवाचं काम हाय, जनकाबाई," रंगराव म्हणाले.

"मांडवाखाली सैपाक कोन करते? मले खुर्ची आना. मधला खांब बायकायचा."

या मुद्द्यावर दीड तास गेला. साडेबारा वाजता सुधाकररावांनी शेवटची दोरी ताणली. पडवी उभी होती. सरळ होती. तिला दुसऱ्या कोणाचंही बोट लागलं नव्हतं. त्यांनी ओसरीकडे पाहिलं. स्नेहलताबाईंनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. ही मान 'हो' म्हणणारी होती. चौतीस वर्षांत ते एवढं तरी शिकले होते.

"अर्धं झालं," त्या म्हणाल्या.

उन्हं वाढली. समितीने आपल्या खुर्च्या उचलल्या आणि पडवीच्या सावलीत आणून मांडल्या. चर्चा तिथे पुढे चालू झाली. आपण ज्या मांडवाखाली बसलो आहोत तो कोणी उभा करायचा, यावर अजून एकमत होत नव्हतं.

अडीच वाजता सुधाकरराव म्हणाले, "मंडळी, मला आता हा उतरवायचा आहे."

रंगरावांनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "बसल्या मानसाच्या डोक्शावरून मांडव काढत नाई, भाऊ. ते चांगलं नसते."

"मग थोडं उठता का?"

कोणी उठेना. उठला तो खांबावरचा हक्क सोडतो, असं जनकाबाईंनी नुकतंच सगळ्यांच्या ध्यानात आणून दिलं होतं. मोतीरामने तर एक पाय खुर्चीच्या पायात अडकवून ठेवला होता. तीन वाजले. साडेतीन वाजले. सुधाकरराव तीनदा गाडीभोवती फिरले. ओसरीवरच्या शेंगा संपल्या होत्या आणि स्नेहलताबाईंच्या मांडीवर आता बसचं वेळापत्रक होतं.

शांत बसलेल्या समितीला आपल्या इच्छेने उठवणारी गोष्ट कोणती? चार वाजता ती त्यांना आठवली.

"एक विषय राहिलाच," ते मोठ्याने म्हणाले. "स्थळपाहणी. शाळेमागचं पटांगण ही पर्यायी जागा आहे. जमीन प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खांबांची वाटणी केली तर उद्या कोणीही आक्षेप घेईल."

रंगराव लगेच उठले. स्थळपाहणीला पुढे कोण चालतो याला गावात महत्त्व आहे. ते उठले म्हणून जनकाबाई उठल्या. त्या उठल्या म्हणून सगळेच उठले. बारा माणसं फाटकातून बाहेर पडली, आणि सुधाकररावांनी पहिली खुंटी उपटली.

उभारण्यापेक्षा उतरवणं सोपं असतं, असं त्यांना वाटलं होतं. दोऱ्या सुटल्या, खांब निघाले, कापड पन्हळीतून आलं. पण ते जमिनीवर पसरल्यावर सकाळपेक्षा दुप्पट दिसायला लागलं. त्यांनी घडी केली आणि गुंडाळली. पिशवीत अर्धं कापड गेलं, अर्धं बाहेर राहिलं. पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. पिशवीची चेन हातभर अंतरावर थांबली. ऊन अंगणातल्या कडुलिंबाच्या शेंड्यावर गेलं होतं. फोड फुटला होता. त्यांनी गुंडाळी तिसऱ्यांदा उलगडली.

फाटकात मोतीराम उभा होता. खुर्च्या त्याच्या होत्या, त्यामुळे तो इतरांच्या आधी परतला होता. त्याने मोकळी गाडी पाहिली, जमिनीवर गुडघे टेकलेले सुधाकरराव पाहिले, ओसरीवर घड्याळ घेऊन बसलेल्या बाई पाहिल्या.

"बाईची अट हाय काय?" त्याने हळूच विचारलं.

सुधाकररावांनी वर न पाहता मान डोलावली. "कोणाचा हात लागला तर बाद. उद्या अकोल्याला जाते म्हणते."

"मंग आधी सांगाचं ना," मोतीराम म्हणाला. "म्या सारं गाव दिवसभर बीबी गावच्या बाजारात नेऊन बसवलं असतं."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. समोर कापडाची घडी चुकीची पडत होती, आणि मोतीरामने हजारो मांडवांच्या घड्या केलेल्या होत्या. त्याने लिंबाकडे तोंड केलं. तरीही त्याला राहवेना.

"हवा हाय अंदर," तो लिंबाला म्हणाला. "बंद बाजूनं गुंडाळत उघड्या बाजूकडं जा म्हना. गुडघ्यानं दाबत."

सुधाकररावांनी ओसरीकडे पाहिलं.

"मी हात म्हटलं होतं," स्नेहलताबाई म्हणाल्या. "तोंडाचं काही ठरलं नव्हतं. आणि लवकर करा, दहा मिनिटं आहेत."

सुधाकरराव बंद बाजूला गेले. गुडघा टेकला, गुंडाळलं, पुन्हा टेकला. दर वेळी कापडातून हवा सुस्कारा टाकत बाहेर पडत होती. गुंडाळी निम्मी झाली. पिशवीत सरकली. चेन अडली तेव्हा त्यांनी पिशवीवर सगळं अंग टाकलं आणि दातांनी चेनचं टोक ओढलं, कारण दोन्ही हात खाली दाबत होते. चेन लागली. त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली, गाडीत टाकली, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले. श्वास लागला होता, पण ते बसले नाहीत.

समिती परत आली. रंगरावांनी मोकळ्या अंगणाकडे पाहिलं.

"मांडव कुठी गेला?"

"काढला," मोतीराम म्हणाला.

"ठरावाबिगर?" रंगराव म्हणाले, आणि हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. खुर्च्यांवर बसून लगेच त्या बैठकीची तारीख ठरवायला त्यांनी सुरुवात केली.

स्नेहलताबाई आत गेल्या. त्यांची बॅग दाराशी तयार होती. ती त्यांनी स्वतः उचलली, अंगणातून खुर्च्या चुकवत आणली, गाडीत चढल्या आणि आपल्या बिछान्याखाली सरकवली. मग पुढच्या सीटवर बसून त्यांनी फोन लावला.

"निवेदिता, नाही येत गं उद्या. हो, केला उभा. उतरवलापण." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. स्नेहलताबाईंनी काचेतून बाहेर पाहिलं. सुधाकरराव उजव्या हाताने डाव्या हातावरचा रुमाल सोडायचा प्रयत्न करत होते आणि तीन माणसं मदतीला उठली होती.

"एकट्यानेच," त्या म्हणाल्या. "सगळं गाव हजर असताना."